ग्रास कटर रेस दिली की दबतो? आधी स्क्रूला हात लावू नका

मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की बांधावर गवत गुडघ्याला लागतं आणि शेडमधे चार महिने टांगलेला ग्रास कटर खाली उतरतो. दोरी ओढली की चालू पण होतो बऱ्याचदा. स्लोला, म्हणजे ट्रिगर न दाबता, मस्त चालतो, काही तक्रार नाही. पण ट्रिगर दाबला की भ्वॉऽऽ करून दबतो, क्षणभर अडखळतो, मग मनात आलं तर उचलतो नाहीतर बंदच पडतो. शिरपूर-शहाद्याकडचा माणूस असेल तर एका वाक्यात सांगेल, "रेस दिनी का बंद पडी जास भाऊ."

मग पहिलं काम काय होतं तर कुणीतरी पेचकस घेऊन कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूशी खेळत बसतं. इकडे अर्धा आटा, तिकडे पाऊण आटा, थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि तोपर्यंत मूळ सेटिंग कुठे होतं तेही कुणाला माहीत नसतं. अरे पण मागच्या दिवाळीला ह्याच सेटिंगवर मशीन नीट चालत होतं ना? स्क्रू शेडमधे बसल्या बसल्या फिरत नाही. बदललंय ते दुसरं काहीतरी, ते शोधायचं. स्क्रू सगळ्यात शेवटी.

आता हे दबणं होतं का ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुम्ही ट्रिगर एकदम दाबता तेव्हा हवा लगेच आत घुसते, ती हलकी असते. पेट्रोल जड, त्याला यायला जरा वेळ लागतो. मोठ्या गाड्यांच्या जुन्या कार्बोरेटरमधे त्या क्षणी जास्तीचं पेट्रोल मारणारा छोटा पंप असायचा, आपल्या ह्या छोट्या टू-स्ट्रोकच्या कार्बोरेटरमधे बहुतेक वेळा तो नसतो. म्हणून पेट्रोल थोडं जरी कमी येत असलं तरी स्लोला ते कळत नाही, फुल रेसला पण कधी कधी कळत नाही, पण स्लोवरून रेसला जाताना लगेच कळतं. आणि उलटं पण होतं, पेट्रोल जास्त जात असेल तरीसुद्धा इंजिन दबतंच, फक्त दबण्याची तऱ्हा वेगळी.

म्हणून पहिला प्रश्न एकच, इंजिन उपाशी आहे का जास्त जेवलंय? ह्याला मीटर-बिटर काही लागत नाही, चोक, म्हणजे आत जाणारी हवा अडवणारा लिव्हर, पुरतो. मशीन पाचेक मिनिट चालवून चांगलं गरम करा. मग चोक साधारण अर्धा लावा आणि हळूहळू रेस द्या. आधीपेक्षा बरं उचललं तर पेट्रोल कमी पडतंय, नक्की. चोक लावल्यावर आणखीच गुदमरलं, धूर मारला, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी मिळतेय. आवाजावरून पण कळतं. उपाशी इंजिन एकदम कोरडं दबतं, आवाज तुटल्यासारखा, आणि स्लोला कधी कधी आपोआप वर-खाली होतं. जास्त पेट्रोलवालं फर्र फर्र करत जड उचलतं, सायलेन्सरच्या तोंडाला काळं तेल गळतं. प्लग काढून बघितला की खात्री होते, पांढरट कोरडा म्हणजे कमी, काळा ओला म्हणजे जास्त, चहाच्या रंगाचा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

सुरुवातीला एक सूचना, कंटाळवाणी आहे पण वाचा. रेस देऊन बघताना पातं जमिनीपासून वर आणि आजूबाजूला कुणी नको, पोरं तर अजिबात नकोत, ती बघायला हमखास येतात. डोळ्याला चष्मा लावा. पेट्रोलचं काही उघडायचं असेल तर सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या आणि बिडीवाल्याला लांब बसवा.

आता फुकटातल्या गोष्टी आधी. मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि पातं हाताने फिरवून बघा, हातमोजा घालून. सहज फिरतंय का? पुष्कळ वेळा पात्याच्या वरच्या गिअरमधे हरळी नाहीतर केळीच्या बागेतला वाळलेल्या पानांचा धागा इतका घट्ट गुंडाळलेला असतो की क्लच पकडल्या पकडल्या इंजिनवर सगळा लोड येतो आणि आपण समजतो पेट्रोलचा प्रॉब्लेम. ड्रीपच्या नळीचे तुकडे पण निघतात त्यातून, ते कुणी कापलं ते विचारू नका, घरात भांडण होतं.

दुसरं, ट्रिगरची केबल. ट्रिगर पूर्ण दाबल्यावर कार्बोरेटरवरचा लिव्हर खरंच शेवटपर्यंत जातोय का ते एअर फिल्टरचं झाकण काढून डोळ्यांनी बघा. आणि केबलच्या बाजूनेच स्टॉप स्विचची वायर जाते, ती हँडलजवळ घासून उघडी पडलेली असेल तर ट्रिगर दाबताना बरोब्बर त्याच क्षणी बॉडीला लागते आणि करंट तुटतो. हुबेहूब कार्बोरेटरचा दोष वाटतो. ती वायर इंजिनजवळच्या जॉइंटला काढून टेप लावून चालवून बघा. मिसिंग, म्हणजे ते अडखळणं, गेलं तर तुमचा कार्बोरेटर निर्दोष. फक्त वायर काढल्यावर मशीन स्विचने बंद होणार नाही, पूर्ण चोक लावून बंद करायचं, हे आधीच लक्षात ठेवा.

तिसरं, एअर फिल्टर. आपल्याकडे काळ्या जमिनीची धूळ आहे आणि कपाशीच्या शेतात तर धुळीबरोबर कापसाचे तंतू पण असतात, स्पंज बघता बघता भरतो. स्पंज बुजला की हवा कमी, पेट्रोल आपोआप जास्त. तपासायला सोपं, फिल्टर काढून दोन मिनिटं स्वच्छ जागी रेस देऊन बघा. फरक पडला तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा आणि मग दोन-चार थेंब ऑईल लावून परत दाबा. फिल्टर काढून शेतात मशीन चालवायचं नाही, "एवढं एक वाफा होऊ दे" म्हणून पण नाही. ती धूळ पिस्टनला पॉलिश पेपरचं काम करते.

आता पेट्रोल. इथे जरा थांबावं लागेल कारण अर्ध्याहून जास्त दुखणी इथलीच असतात असा माझा अनुभव आहे.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्याची विक्री 2023 ला सुरू झाली आणि 2025 पर्यंत जवळपास सगळीकडे तेच आलं, त्याआधी 10 टक्के होतं. तुमचं मशीन पाच-सात वर्षं जुनं असेल तर ते ह्या पेट्रोलसाठी बनलेलं असेलच असं नाही. एक तर इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलला एक किलोमागे साधारण 14.7 किलो हवा लागते, नुसत्या इथेनॉलला 9 किलो. म्हणजे त्याच सेटिंगवर 20 टक्केवालं पेट्रोल टाकलं की इंजिनला ते मिश्रण थोडं पातळ पडतं, उपाशी बाजूला सरकतं. जो कार्बोरेटर आधीच काठावर होता तो आता रेस देताना दबायला लागतो. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. अर्धी भरलेली कॅन आषाढ-श्रावणात शेडमधे पडून राहिली आणि त्यात पुरेसं पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतं, वर नुसतं पेट्रोल. टाकीतला फिल्टर पडलेला असतो तळाला, तो नेमकं खालचं ओढतो. तिसरं, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा) त्याने फुगतात किंवा कडक होतात.

म्हणून काचेच्या पारदर्शक बाटलीत टाकीतलं थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, पाण्याचे मणी दिसले, किंवा वास आंबूस-व्हार्निशसारखा आला तर ते फेकायचं, दुसऱ्या गाडीत पण टाकू नका. नवीन पेट्रोल आणा, लागेल तेवढंच, महिनाभरात संपेल इतकं. ऑईलचं माप पण ह्याच वेळी नीट करा. कंपनीने 25 ला 1 सांगितलं असेल तर 5 लिटरला 200 मिली, 40 ला 1 असेल तर 125 मिली, 50 ला 1 असेल तर 100 मिली. टू-टी ऑईलच, इंजिन ऑईल नाही. "जरा जास्त टाकलं म्हणजे इंजिनला बरं" हे खरं नाही, ऑईल जास्त झालं तर प्लग आणि सायलेन्सर लवकर काळे होतात, आणि तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं हे वेगळंच.

नवीन पेट्रोल टाकूनही तेच, तर टाकीतला फिल्टर. सायकलच्या स्पोकला आकडा करून टाकीच्या तोंडातून नळी ओढा, टोकाला फिल्टर असतो. तो तपकिरी, कडक झाला असेल तर बदला, धुवून उपयोग होत नाही. नळी टाकीत जिथे शिरते तिथे वाकवून बघा, बारीक चिरा असतील तर पेट्रोलबरोबर हवा ओढतं. प्रायमरचा फुगा (चालू करण्याआधी पेट्रोल चढवायला दाबतो तो) दाबल्यावर नळीत सतत बुडबुडे दिसत असतील तर हेच.

आणि झाकणातलं हवेचं भोक. हा दोष ओळखायची खूण म्हणजे मशीन पहिली पाच-दहा मिनिटं एकदम छान चालतं आणि मग दबायला लागतं. दबल्यावर लगेच टाकीचं झाकण सैल करा, सूंऽ करून हवा आत गेली आणि मशीन सुधारलं तर झाकणाचा व्हेंट बुजलाय. पेट्रोल बाहेर गेलं की त्या जागी हवा आत यायला पाहिजे, ती येत नाही म्हणून आत ओढ तयार होते. हे मशीन कुठेही नेलं तरी दुकानात एकदम ठणठणीत चालून दाखवतं, कारण दुकानात दोनच मिनिट चालवतात.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं की मग कार्बोरेटर. पण उघडण्याआधी त्याचे दोन बोल्ट घट्ट आहेत का बघा. ह्या मशीनला थरथर खूप, बोल्ट सैल होतात आणि कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधून हवा ओढली जाते. स्लोला मशीन चालू असताना त्या जॉइंटवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, ते आत ओढलं गेलं किंवा इंजिनचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात, गरम सायलेन्सरच्या बाजूला. नका करू.

तिथल्या पॅकिंगवर एक बारीक भोक असतं, बाजूला, मोठ्या भोकापासून वेगळं. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद डब्यातला, दाब-ओढ त्या भोकातून कार्बोरेटरपर्यंत जाते आणि त्याच्यावरच पेट्रोल ओढणारा डायफ्राम हलतो. एका शेजाऱ्याचं मशीन असं आलं होतं की दुरुस्तीहून आल्यापासून स्लोला चालतं आणि रेस दिली की मरतं. पॅकिंग उलटं बसवलं होतं, भोक अर्धं झाकलेलं. पंपाला दमच मिळत नव्हता. तेव्हा कार्बोरेटर काढाल तेव्हा प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढत जा, कुठला आधी कुठला नंतर, कुठल्या बाजूला. हे आळस न करता करा, नंतर देव पण सांगू शकत नाही.

कार्बोरेटरला खाली वाटी असेल तर तो फ्लोटवाला. काही फवारणी पंपांना आणि काही कटरना हा असतो. वाटी काढा, तळाचा गाळ-पाणी साफ करा, पेट्रोलचा जेट (बारीक भोकाचा तुकडा) क्लीनरच्या स्प्रेने मोकळा करा. स्लाइडमधल्या सुईवर क्लिप असते, ती एक खाच खाली लावली की सुई वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. मधेच अडखळणाऱ्या फ्लोटवाल्याला बऱ्याचदा तेवढंच लागतं.

वाटी नसेल, चौकोनी छोटा ठोकळा असेल, तर डायफ्रामवाला. चार स्क्रूचं किंवा दोन स्क्रूचं झाकण काढलं की काळा पातळ रबरी पडदा दिसतो, मधे धातूचा ठिपका. त्याला बोटाने हलकं दाबा. मऊ, लवचिक पाहिजे. जुन्या पापडासारखा कडकड वाजत असेल तर आणखी काही शोधू नका, दोष सापडला. कडक पडदा स्लोला पुरेसा हलतो पण अचानक मागणी वाढली की वेळेवर हलत नाही. त्याचं किट मिळतं, दोन्ही डायफ्राम आणि पॅकिंग, पूर्ण कार्बोरेटरच्या मानाने स्वस्त. बहुतेक कार्बोरेटरमधे ह्या बाजूला आधी पॅकिंग मग पडदा असतं, पण तुम्ही तुमचा फोटो बघा.

आत एक छोटा लिव्हर आणि खाली सुई असते. तो वाकवून उंची बदलायच्या फंदात पडू नका, त्याला मॉडेलप्रमाणे माप असतं. फक्त मोकळा हलतोय ना आणि खालची स्प्रिंग जागेवर आहे ना बघा. बाजूला बारीक जाळी असते, नखाएवढी, तिच्यावर तपकिरी थर असेल तर कार्ब क्लीनरने साफ करा.

आता महत्त्वाचं. मशीन स्लोला बरोबर, फुल रेसला बरोबर, आणि फक्त स्लोवरून उचलताना सुरुवातीलाच अडखळतं, असं असेल आणि कार्बोरेटर बटरफ्लायवाला, म्हणजे आत फिरणारा गोल पत्रा असलेला, असेल तर त्या पत्र्याच्या काठाजवळ दोन-तीन सुईच्या टोकाएवढी भोकं असतात ती बघा. पत्रा उघडायला लागला की एकेक भोक मोकळं होत जातं आणि पेट्रोल वाढत जातं, रेस उचलण्याचं सगळं काम त्या भोकांचं. एक जरी बुजलं तरी नेमका तिथेच खड्डा पडतो. एल लिहिलेला स्क्रू (स्लोचं पेट्रोल ठरवणारा) आत किती आटे जातो ते मोजून, लिहून, मग तो पूर्ण काढा आणि त्या भोकातून क्लीनर मारा, प्रत्येक बारीक भोकातून धार आली पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं झालं तर परत लहान होत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर पडदे काढलेले असू द्या आणि दाब कमी ठेवा.

एवढं सगळं झाल्यावर स्क्रू. एल आणि एच (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) दोन्ही हलक्या हाताने बंद करा, टेकले की थांबा, आवळलं तर सुईचं टोक बसतं. तिथून साधारण एक आटा उघडा, ही फक्त सुरुवात. मशीन गरम करा. एल स्क्रू फिरवत स्लोचा आवाज सगळ्यात जास्त कुठे होतो ते शोधा आणि तिथून उघडायच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, एक अष्टमांश ते पाव आटा आणखी उघडा. हा शेवटचा अष्टमांशच रेसचं दबणं घालवतो. मग टी स्क्रूने, जो स्लोचा वेग ठरवतो, स्लो इतका ठेवा की पातं फिरणार नाही. ड्रमवाला कार्बोरेटर असेल, ज्यात लिव्हर फिरवला की ड्रम वर उचलतो, त्यात एलचं काम ड्रमच्या मधल्या सुईचा स्क्रू करतो, बऱ्याचदा टोपीखाली झाकलेला असतो, दिशा तीच.

एच स्क्रूला फुल रेसला, पातं किंवा दोरीचं हेड लावलेलं असताना. रिकाम्या फुल रेसला थोडी फर्र अशी जाडसर मिसिंग राहू द्या, गवतात घातलं की ती जायला पाहिजे. एकदम गोड, टोकदार आवाज ऐकायला छान वाटतो पण आपल्या 44-45 डिग्रीत उपाशी इंजिन तसंच चालवलं तर पिस्टन चिकटतो. पेट्रोलबरोबरच ऑईल जातं ना आत, पेट्रोल कमी तर ऑईल पण कमी.

हवामानाचं पण आहे. भुसावळच्या मे महिन्यातल्या 44 डिग्रीपेक्षा डिसेंबरच्या 10 डिग्रीच्या सकाळी हवा दहा-बारा टक्के घट्ट असते, म्हणजे उन्हाळ्यात बरोबर केलेलं मशीन थंडीत जरा उपाशी पडतं. तेव्हा एल थोडा उघडला की काम होतं. शहाद्यात सेट केलेलं मशीन तोरणमाळला वर, हजार मीटरच्या पुढे नेलं तर उलटं, तिथे हवा विरळ म्हणून फर्र फर्र वाढते.

स्क्रू दोन-अडीच आटे उघडूनही समाधान होत नसेल तर थांबा, कुठूनतरी हवा शिरतेय किंवा पेट्रोलची वाट अजून बुजलेली आहे, स्क्रूने ते झाकू नका.

चोक टेस्टमधे पेट्रोल जास्त निघालं होतं आणि एअर फिल्टर स्वच्छ होता त्यांनी सायलेन्सर बघा. तोंडाला बारीक जाळी असते काही मशीनला, कार्बनने बुजते. काढून वायर ब्रशने साफ करा. सायलेन्सर काढलाच आहे तर सिलिंडरच्या धूर बाहेर पडायच्या खिडकीतला कार्बन पण काढा, पण आधी दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा म्हणजे खिडकी झाकली जाईल आणि कचरा आत पडणार नाही, आणि खरवडायला लाकडाची काडी, पेचकस नाही. त्याच खिडकीतून टॉर्चने पिस्टन बघून घ्या. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर एवढी सगळी मेहनत कार्बोरेटरवर करून काही होणार नाही, आधी पिस्टन-रिंगचं बघावं लागेल. दोरी धरून मशीन उचललं आणि ते लटकून न राहता सरसर खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय, त्याचाही अर्थ तोच.

प्लगची गॅप 0.6 ते 0.7 मिमी, शंका असेल तर नवीनच टाका. मशीन गरम झाल्यावरच मिसिंग येत असेल आणि थंड झाल्यावर जात असेल तर झाकणाचा व्हेंट आधी, मग इग्निशन कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हीलमधे 0.3 मिमीच्या आसपास फट लागते, जाड व्हिजिटिंग कार्ड घालून बघतात ते ह्याच्यासाठी.

हे सगळं करूनही रेस दिल्यावर दबतंय, स्लो वर-खाली होतंय आणि ट्रिगर सोडल्यावर रेस लवकर उतरत नाही, तर क्रँकचे सील, म्हणजे इंजिनच्या दांड्याला हवा शिरू न देणारे रबर, गेलेले असतात. ते बदलायला इंजिन पूर्ण खोलावं लागतं, ते मिस्त्रीकडेच द्या आणि सांगताना "पिकअप नाही" एवढंच सांगू नका, काय काय तपासलं ते सांगा, नाहीतर तो पण स्क्रूपासूनच सुरू करेल. कार्बोरेटरच नवीन घ्यायचा ठरला तर जुना सोबत घेऊन जा, नुसतं "52 सीसीचा द्या" म्हणून मागू नका. सारख्या दिसणाऱ्या दोघांमधे त्या बारीक भोकाची जागा वेगळी असते, दुकानातच पॅकिंग लावून दोन्हीची भोकं जुळतात का बघूनच पैसे द्या.